एफएससीके काय वाचवतो? युनिक्सवरच्या हरवलेल्या फाइलींची पार्श्वभूमी

एफएससीके हा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम. युनिक्समध्ये फाइलचं नाव एका जागी असतं आणि फाइल दुसऱ्या. १९७९च्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीची प्रत्येक नोंद १६ बाइटांची होती: २ बाइटांत आयनोडचा, म्हणजे फाइलच्या माहितीच्या नोंदीचा, क्रमांक, १४ बाइटांत नाव. मालक, आकार आणि ब्लॉकांचे (डिस्कवर मजकूर ठेवायच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचे) पत्ते ६४ बाइटांच्या आयनोडमध्ये. मध्येच वीज गेली तर एक बाजू डिस्कवर उतरलेली असे, दुसरी मेमरीतच राहून जाई. मग एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावावर लागे, किंवा वापरातला ब्लॉक मोकळ्या यादीत दिसे. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण पुढची नवी फाइल थेट त्याच ब्लॉकवर लिहिली जाते.

तेव्हा दुरुस्ती छोटे छोटे प्रोग्राम वापरून हातानंच होई. आयचेक ब्लॉकांचा हिशेब लावी, डीचेक लिंकांची (एका आयनोडकडे नेणाऱ्या नावांची) संख्या ताडून पाही, क्लरी बिघडलेला आयनोड पुसून टाकी. क्लरीला क्रमांक चुकीचा दिला की धडधाकट फाइल गेलीच. बेल लॅब्समध्ये टेड कोवाल्स्की यांनी लिहिलेल्या एफएससीकेनं ही कामं एकत्र आणली. नाव हरवलेल्या फाइली तो लॉस्ट+फाउंडमध्ये ठेवतो. ही डिरेक्टरी जागा राखून आधीच बनवावी लागे. बिघडलेल्या डिस्कवर नवा ब्लॉक मागणं धोक्याचं होतं.

पण एफएससीकेचं काम फाइल सिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) सुसंगत करणं हे आहे, तुमचा मजकूर वाचवणं नव्हे. हिशेब जुळावा म्हणून तो आयनोड रिकामाही करतो. म्हणून सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणणारा -वाय पर्याय मूळ डिस्कवर कधीच वापरू नये.

१९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये सुपरब्लॉकच्या (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकच्या) प्रती डिस्कभर विखुरल्या गेल्या. लिनक्सच्या एक्स्ट२ या फाइल सिस्टिमनंही तेच केलं. ४ केबीचे ब्लॉक असतील तर पहिली राखीव प्रत ३२७६८व्या ब्लॉकवर मिळते. मूळ सुपरब्लॉक बिघडला तर ई२एफएससीकेला, म्हणजे एक्स्ट२च्या एफएससीकेला, -बी ३२७६८ द्यायचं. प्रतींच्या जागा फाइल सिस्टिम बनवणारा प्रोग्राम एमकेई२एफएस -एन पर्यायासह सांगतो, मात्र तो -एन विसरलात तर डिस्क नव्यानं फॉरमॅट होते.

एक्स्ट२मध्ये फाइल काढून टाकली (डिलीट केली) तरी आयनोडमधले ब्लॉकांचे पत्ते तसेच राहत. फाइल सिस्टिम आतून तपासणाऱ्या डीबगएफएस या प्रोग्राममध्ये एलएसडेल ही आज्ञा दिली की काढलेल्या आयनोडांची यादी येई. त्यातल्याच डम्प या आज्ञेनं फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवता येई. २००१मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलात (गाभ्यात) आलेल्या एक्स्ट३नं वीज गेल्यावरचा गोंधळ जर्नलनं, म्हणजे बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीनं, आवरला, पण फाइल काढताना तो पत्ते शून्य करतो, जेणेकरून अर्धवट राहिलेलं काम नंतर सुरक्षितपणे पुरं करता यावं. एलएसडेल तिथं निरुपयोगी ठरतं. मजबुती वाढली आणि परतीची वाट अरुंद झाली. उरला जर्नल: त्यात आयनोडची जुनी प्रत सापडू शकते आणि एक्स्ट३ग्रेप, एक्स्टअनडिलीट ही फाइली परत मिळवणारी साधनं तिच्यावरच चालतात. जर्नल फिरून फिरून त्याच जागेवर लिहिला जातो, म्हणून डिस्कचं ते विभाजन (पार्टिशन) ताबडतोब अनमाउंट करायचं, म्हणजे सिस्टिमपासून सोडवायचं, डीडीरेस्क्यू या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामनं दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यायची आणि प्रयोग त्या प्रतीवरच करायचे.