लांबलेले कार्ड आणि न मिळणारे कार्ड

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर आमच्या लोकमान्य नगरातला एक मुलगा बुकिंगची पावती घेऊन माझ्याकडे आला. वास्तुविशारदांना इमारतींची त्रिमितीय चित्रे करून देण्याचा त्याचा व्यवसाय आहे, आणि त्यासाठी ३१ जानेवारीला त्याने इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावरील एका दुकानात आरटीएक्स ५०८० या ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे संगणकात चित्रे तयार करण्याचे काम करणाऱ्या भागासाठी, २०,००० रुपये आगाऊ भरले होते. चार आठवडे उलटले तरी कार्ड आले नव्हते. चौकशीला गेल्यावर त्याला उत्तर मिळाले, "भिया, लाँच ही आगे बढ़ गया है." मुलाला ते पटलेही होते. "काका, कंपनीनेच तारीख पुढे ढकलली, तर दुकानदार तरी काय करणार?" असे तो मला म्हणाला.

कंपनीने तारीख पुढे ढकललेली नव्हती. ही कार्डे काढणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने ५०८० आणि ५०९० ही दोन्ही कार्डे सांगितल्याप्रमाणे ३० जानेवारी २०२५ रोजी विक्रीस आणली होती, त्यांची स्वतंत्र परीक्षणे प्रसिद्ध झाली होती आणि ५०८० ची भारतातील किंमत १,०७,००० रुपये अशी जाहीरही झाली होती. नव्हता तो फक्त माल. 'लाँच लांबले' काय किंवा 'माल नाही' काय, शेवटी कार्ड हातात नाही हेच खरे, असे मला अनेक जण ऐकवतात. हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण या दोन वाक्यांतला फरक थेट ग्राहकाच्या खिशापर्यंत जातो, आणि तो न कळल्यामुळे लोक थांबायचे तेव्हा घाई करतात व घाई करायची तेव्हा थांबतात.

तुटवडा काय असतो हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी तो धडा सर्वांना दिला आहे. १७ सप्टेंबर २०२० रोजी ६९९ डॉलरला आलेले आरटीएक्स ३०८० पाहता पाहता संपले, पुढे इथेरियम या आभासी चलनाचे 'खाणकाम', म्हणजे कार्डांवर गणिते सोडवून ते चलन मिळवण्याचे काम, करणाऱ्यांनी बाजार उपसून नेला आणि ज्यांना कार्ड मिळाले त्यांनी भलताच भाव मोजला. वस्तू तयार आहे, घेणारे पुष्कळ आहेत आणि नग थोडे आहेत, इतकाच तो मामला.

लांबणीवर पडणे ही गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी लागते, आणि गोंधळ इथेच होतो. एखादे कार्ड लांबणीवर पडते तेव्हा ते अजून पुरते ठरलेले नसते. कार्डाचा मेंदू असलेल्या चिपचा आराखडा कारखान्याकडे जातो, पहिले नमुने येतात, त्यांत दोष सापडतो, धातूचे थर बदलून पुन्हा नमुने काढावे लागतात आणि अशा प्रत्येक फेरीत कित्येक आठवडे जातात. कधी चिप ठीक असते, पण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, कच्चे असते. कधी मेमरी वेळेवर मिळत नाही. कधी सगळे तयार असून प्रतिस्पर्ध्याचा भाव पाहिल्याशिवाय स्वतःचा भाव ठरवायला कंपनी तयार नसते. कारण कोणतेही असो, या काळात कार्डाचा वेग, त्याचा वीजवापर, त्याची किंमत आणि प्रसंगी त्याचे नावसुद्धा बदलू शकते. तुटवड्यात वस्तू पक्की असते आणि नगांची संख्या व भाव हलत राहतात. लांबणीत वस्तूच हलत असते. ज्याची आपण वाट पाहत आहोत तेच शेवटी येईल, ही खात्री तुटवड्यात असते आणि लांबणीत नसते.

एकाच कारखान्यातून, एकाच वेळी, ही दोन्ही रूपे २००९ च्या शरद ऋतूत पाहायला मिळाली होती, आणि हा फरक समजावताना मी नेहमी तेच उदाहरण देतो. इतर कंपन्यांच्या चिपा बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीची ४० नॅनोमीटरची निर्मितीप्रक्रिया तेव्हा नवी होती आणि तिच्यातून निघणाऱ्या चांगल्या चिपांचे प्रमाण कमी होते. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने त्या प्रक्रियेवर रेडिऑन एचडी ५८७० तयार केले आणि २३ सप्टेंबर २००९ रोजी विक्रीस आणले. एनव्हिडियाची 'फर्मी' ही चिपही त्याच प्रक्रियेवर व्हायची होती. ३० सप्टेंबरला एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी मंचावरून फर्मीचे कार्ड हातात धरून दाखवले. ते चालणारे कार्ड नसून केवळ प्रतिकृती होती हे कंपनीने नंतर मान्य केले. पुढचे अनेक महिने ५८७० दुकानांत सहजी मिळत नव्हते आणि फर्मी तर कुठेच नव्हती. सामान्य ग्राहकाला दोन्हींकडे सारखीच रिकामी फळी दिसत होती.

पण ५८७० साठी थांबलेल्याला अखेर जे मिळाले ते पहिल्या दिवशी परीक्षणांत वाचलेलेच कार्ड होते. फर्मीसाठी थांबलेल्याचे काय झाले ते पाहा. कार्ड जाहीर झाले २६ मार्च २०१० रोजी आणि दुकानांत आले एप्रिलमध्ये, जीटीएक्स ४८० या नावाने. मूळ आराखड्यात ५१२ गणनकेंद्रे, म्हणजे चिपमधले आकडेमोड करणारे छोटे भाग, होती, विक्रीस आलेल्या कार्डात ४८० चालू होती. चिपची तिसरी आवृत्ती निघाली तरी सर्वच्या सर्व चालू ठेवणे परवडण्याजोगे झाले नव्हते. शिवाय कार्ड तापट निघाले आणि वीजही पुष्कळ खाणारे निघाले. पूर्ण ५१२ गणनकेंद्रांचे जीटीएक्स ५८० यायला ९ नोव्हेंबर २०१० उजाडावा लागला. सप्टेंबर २००९ मध्ये मंचावरून ऐकलेल्या वस्तूची ज्याने वाट पाहिली त्याला ती तेरा महिन्यांनी, वेगळ्या नावाने मिळाली.

मूळ अडचण एकच असताना एकीकडे तुटवडा आणि दुसरीकडे लांबण का झाली, याचे उत्तर चिपच्या आकारात आहे. सिलिकॉनची चकती ३०० मिलिमीटर व्यासाची असते आणि तिच्यावरचे बारीक दोष कुठेही पडतात. चकतीचे लहान तुकडे केले तर दोष आलेले थोडे तुकडे फेकून बाकीचे चांगले निघतात. मोठे तुकडे केले तर जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर एखादा दोष येतो. एएमडीची चिप ३३४ चौरस मिलिमीटरची होती, तिचे थोडे का होईना चांगले नग निघत होते, म्हणून कार्ड आले आणि तुटवडा झाला. एनव्हिडियाची चिप ५०० चौरस मिलिमीटरच्या वर होती, तिचे विकण्याजोगे नगच निघेनात, म्हणून ती लांबली. महागडी कार्डे दोन्ही संकटांत आधी सापडतात ती याचमुळे. आजच्या आरटीएक्स ५०९० ची चिप तर ७५० चौरस मिलिमीटरची आहे. एका चकतीवर तशा सत्तरच्या आसपासच मावतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाच्या महाग चिपाही त्याच कारखान्यात रांगेत उभ्या असतात. या हिशेबाकडे न पाहता 'कंपनीने मुद्दाम टंचाई केली' असे कोणी ठासून सांगू लागले की मला वाईट वाटते. पुरावा नसताना असे आरोप करू नयेत.

आता पुन्हा २०२५ च्या सुरुवातीकडे येऊ, कारण त्या दोन महिन्यांत लोकांनी नेमका उलटा अर्थ लावला. एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी हे कार्ड जानेवारीत पत्रकारांना दिसले होते, परदेशातील काही विक्रेत्यांकडे त्याचे खोके पोहोचलेही होते, तरी विक्री ६ मार्चलाच सुरू झाली. सॉफ्टवेअर अधिक पक्के करायचे आहे आणि अधिक माल जमा करायचा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. म्हणजे जे कार्ड गोदामात पडून होते ते लांबलेले होते, आणि ५०८० हे जे कार्ड गोदामात नव्हते ते वेळेवर आलेले होते. 'खोका दिसला म्हणजे आले, दिसला नाही म्हणजे लांबले' ही सर्वसाधारण समजूत इथे दोन्ही बाजूंनी फसते. खोका असूनही ९०७० एक्सटी ठरलेले नव्हते: त्याचा ५९९ डॉलरचा भाव फेब्रुवारीच्या अखेरीस, प्रतिस्पर्ध्याच्या ५०७० चा ५४९ डॉलरचा भाव सर्वांना माहीत झाल्यानंतर, जाहीर झाला. त्या काळात आगाऊ पैसे भरणारा माणूस भाव माहीत नसलेल्या वस्तूचे पैसे भरत होता. पुढे विक्री सुरू झाल्यावर त्याच कार्डाचा तुटवडाही झाला. एकाच कार्डाच्या वाट्याला दोन्ही गोष्टी एकामागून एक येऊ शकतात, पण एकाच दिवशी त्या दोन्ही लागू पडत नाहीत.

कधी तुटवड्यावर उपाय म्हणून लांबण पत्करली जाते. ३०८० च्या वेळी झालेली ओरड ऐकून एनव्हिडियाने आरटीएक्स ३०७० ची तारीख १५ ऑक्टोबर २०२० वरून २९ ऑक्टोबरला नेली आणि पहिल्याच दिवशी अधिक नग हाती असावेत म्हणून तसे केल्याचे उघड सांगितले. माझ्या मते हा प्रामाणिक मार्ग आहे, आणि तारीख देऊन माल न देण्यापेक्षा तो केव्हाही बरा. लांबणीत वस्तू किती बदलू शकते याचा टोकाचा नमुना २०२२ चा आहे. १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४०८० हे कार्ड ८९९ डॉलर किमतीसह जाहीर झाले, त्याच्या नावावरून टीका झाली, १४ ऑक्टोबरला कंपनीने ते मागे घेतले, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी तीच चिप ४०७० टीआय या नावाने ७९९ डॉलरला बाजारात आली. तिथे थांबणाऱ्याचे १०० डॉलर वाचले. फर्मीसाठी थांबणाऱ्याच्या पदरी निराशा आली होती. लांबणीत हे आधी सांगता येत नाही.

काही गोष्टी यांपैकी कशातच बसत नाहीत, तरी त्यांना सर्रास 'लांबले' म्हटले जाते. ५०९० जानेवारीत आणि ५०६० मे महिन्यात आले, यात लांबले काहीच नाही. महाग कार्ड आधी आणि स्वस्त नंतर हा नेहमीचा क्रम आहे. जे कार्ड कंपनीने जाहीरच केलेले नाही तेही लांबू शकत नाही. आरटीएक्स ४०९० टीआय आज येणार, उद्या येणार असे लोक दोन वर्षे म्हणत राहिले. ते कार्ड जाहीरही झाले नाही आणि आलेही नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखेला कंपनीचे वचन समजणे ही माझी सर्वांत जुनी तक्रार आहे. 'पेपर लाँच' हा शब्दही लोक दोन्हींकडे लावतात. तो तुटवड्याचाच प्रकार आहे: विक्री नावापुरती सुरू झालेली असते आणि नग बोटावर मोजण्याइतके असतात. लांबलेल्या कार्डाला तो लावू नये.

दुकानात उभे असताना ओळखायचे कसे, तर मी एकच गोष्ट पाहतो: त्या कार्डाचे परीक्षण, स्वतः कार्ड संगणकात बसवून आकडे मोजलेल्या माणसाने केलेले, प्रसिद्ध झाले आहे का? झाले असेल आणि विक्रीची तारीखही उलटून गेली असेल, तर कार्ड आलेले आहे आणि प्रश्न फक्त मालाचा आहे. नसेल, तर दुकानदार, वितरक किंवा आणखी कोणी काहीही सांगो, ते कार्ड अजून ठरायचे आहे. जाहिरातीतले आलेख यात धरू नयेत, कारण ते कंपनीने स्वतः निवडलेले असतात.

त्यावरून पुढचा व्यवहार ठरतो. लांबलेल्या कार्डासाठी मी कोणालाही एक रुपयासुद्धा आगाऊ भरू देत नाही. काम अडले असेल तर आज मिळणारे कार्ड घ्यावे आणि मोकळे व्हावे. तुटवड्यात मात्र आगाऊ पैसे भरायला हरकत नाही, पण पावतीवर कार्डाचे पूर्ण नाव, १८ टक्के जीएसटी धरून एकूण भाव आणि पैसे परत मिळण्याची मुदत लिहून घ्यावी. त्या मुलाच्या पावतीवर फक्त '५०८० ॲडव्हान्स' एवढेच लिहिलेले होते. भाव नसल्यामुळे, आम्ही दोघे दुकानात गेलो तेव्हा सुरुवातीच्या बोलण्यातले १,१५,००० चे १,३८,००० झाले होते, आणि 'लाँच पुढे गेले' या कारणाआड ती वाढ झाकली गेली होती. विक्री ३० जानेवारीलाच सुरू झाली आहे, हे मी परीक्षणांच्या तारखा मोबाइलवर दाखवून सांगितले, तेव्हा बोलणे मालावर आले आणि मग भावावर. १,३८,००० द्यायचे नाहीत असे मुलाने ठरवले, दोन हप्त्यांत आपले २०,००० परत घेतले आणि जुन्या कार्डावर काम चालू ठेवले.

जूनमध्ये त्याच बाजारातून, दुसऱ्या दुकानातून, त्याने ५०८० घेतले, १,१२,००० रुपयांना. घरी बसवून त्याने ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरची चाचणी चालवली आणि मला बोलावले. फेब्रुवारीत परीक्षणातला तक्ता त्याने वहीत उतरवून ठेवला होता. पडद्यावरचे आकडे आणि वहीतले आकडे जवळजवळ तेच होते.