टॅबला कुलूप नेमकं कुठे लागतं?

दुकानात ‘किड्स टॅब’ मागितला की निळ्या-गुलाबी रबरी कव्हरातला, मागे धरायला कडी असलेला टॅब समोर येतो. कव्हर कामाचं आहे, कारण टॅब फरशीवर पडणारच. पण मुलाला नको ते दिसू नये, परस्पर पैसे जाऊ नयेत, रात्री ठरल्या वेळी व्हिडिओ थांबावा, यातलं काहीच कव्हराच्या हातात नाही. ते काम सॉफ्टवेअरमधल्या कुलपांचं. ही कुलपं टॅबच्या वेगवेगळ्या थरांत बसतात आणि प्रत्येकाला आपापल्या थरापुरतंच दिसतं. म्हणून टॅबची निवड करताना रंग, इंच आणि मेगापिक्सेल यांच्याआधी हे थर पाहायला हवेत.

सगळ्यात वरचा थर ॲपचा. प्ले स्टोअरवरून ‘पेरेंटल कंट्रोल’ नावाचं एखादं ॲप उतरवलं की ते इतर ॲपांवर नजर ठेवू लागतं. अडचण अशी, की अँड्रॉइडच्या लेखी तेही इतरांसारखंच बाहेरून आलेलं ॲप असतं. बिघाड शोधता यावा म्हणून अँड्रॉइडमध्ये ‘सेफ मोड’ असतो, आणि त्यात बाहेरून टाकलेली ॲपं चालतच नाहीत. म्हणजे राखणदारही चालत नाही. जरा मोठ्या मुलांना ही युक्ती शाळेतल्या मित्रांकडून कळते, पालकांना बरीच उशिरा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. असं ॲप चालायला त्याला पडद्यावरचा मजकूर, ठिकाण, इतर ॲपांची यादी, असं बरंच काही वाचायची परवानगी द्यावी लागते. २०२० मध्ये युरोपातल्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची अशी ४६ ॲपं तपासली. त्यांतली ७२ टक्के ॲपं जाहिरात आणि विश्लेषण कंपन्यांसारख्या तिसऱ्याच कोणाला माहिती पुरवत होती, आणि त्या कंपन्यांचा उल्लेख गोपनीयता धोरणात केलेला नव्हता. ११ टक्के ॲपं खासगी माहिती उघड्यावर, एन्क्रिप्शनशिवाय पाठवत होती. मुलाच्या सुरक्षेसाठी ॲप घ्यायचं आणि मुलाचीच माहिती बाहेर द्यायची, हा सौदा मला तरी पटत नाही.

म्हणून कुलूप एक थर खाली, ऑपरेटिंग सिस्टिममध्येच असलेलं बरं. गूगलचं फॅमिली लिंक २०१७ मध्ये आलं, ॲपलचं स्क्रीन टाइम २०१८ मध्ये. दोन्ही फुकट आहेत. फॅमिली लिंकमध्ये मुलाच्या नावाने वेगळं खातं उघडतं आणि ते पालकांच्या खात्याला जोडलेलं राहतं. रोज किती वेळ, झोपेची वेळ कोणती, कुठलं ॲप चालेल, हे नियम पालकांच्या फोनवरून टॅबला कळतात आणि ते पाळायला लावते खुद्द सिस्टिम. ठरलेली वेळ संपून टॅबला कुलूप लागल्यावर त्याला इंटरनेट नसेल तरी पालक आपल्या फोनमधला, वेळेनुसार बदलणारा कोड टाकून तो उघडू शकतात. प्रवासात याची फार मदत होते.

इथे एक व्यवहाराची बाब. आईबाबांचा फोन अँड्रॉइड आणि मुलाला आयपॅड, अशी जोडी असेल तर फॅमिली लिंक त्या आयपॅडचा वेळ आवरू शकत नाही. स्क्रीन टाइम आयपॅडवरच बसून, वेगळा पासकोड घालून लावावं लागतं. दुरून हलवता येत नाही. उलट आयफोनवाल्या पालकांना अँड्रॉइड टॅब सांभाळता येतो, कारण फॅमिली लिंकचं ॲप आयफोनवरही आहे. खरेदीच्या आधी एवढं पाहिलं तर नंतरची चिडचिड वाचते.

खातं उघडताना मुलाचं वय खरं टाका. भारतात १३ वर्षांखालील मुलाला गूगलचं खातं पालकांच्या देखरेखीशिवाय मिळत नाही, म्हणून बरेच जण घाईत जन्मसाल मागे सरकवतात. सिस्टिमला मग समोर मोठं माणूस दिसतं आणि तिची निम्मी कुलपं गळून पडतात. हा १३चा आकडा आला कुठून? बालमानसशास्त्रातून नाही, तर अमेरिकेच्या १९९८च्या एका कायद्यातून, जो १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधनं घालतो. भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो.

स्वस्त टॅब घेताना खरी जोखीम पडद्याच्या दर्जाची नाही, आत आधीपासून काय भरलेलं आहे याची आहे. २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने ॲमेझॉनवर मिळणारा ‘ड्रॅगन टच’ कंपनीचा मुलांचा एक टॅब तपासला, तेव्हा त्यात आधीच घातलेल्या मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, खुणा आणि मुलांसाठीचं एक जुनाट ॲप सापडलं. खाली पाया असा असेल तर वरची कुलपं कशाला टेकणार? निदान दोन गोष्टी तपासा: प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये टॅब ‘सर्टिफाइड’, म्हणजे गूगलने प्रमाणित केलेला, दिसतो का, आणि कंपनीने किती वर्षं सुरक्षा अपडेट द्यायचं कबूल केलंय. सिमचा खाचा नसलेला, फक्त वाय-फायवर चालणारा टॅब लहानांसाठी पुरतो, स्वस्तही पडतो.

ताईचा किंवा दादाचा जुना टॅब धाकट्याकडे येतो, ही आपल्या घरांतली नेहमीची गोष्ट. तसं असेल तर जुनं खातं काढून टॅब आधी फॅक्टरी रिसेट करा आणि सुरुवातीलाच मुलाचं खातं घाला. मोठ्याचं खातं त्यात राहिलं तर धाकटा यूट्यूबवर त्या खात्यात शिरतो आणि तिथे त्याच्या वयाची अट लागू होत नाही.

आणखी एक थर नेटवर्कचा. टॅबला एखादी साइट उघडायची असते तेव्हा तो आधी डीएनएस सर्व्हरला त्या नावामागचा अंकी पत्ता विचारतो. क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.३ या सर्व्हरला अश्लील किंवा घातक साइटचं नाव विचारलं, तर तो ०.०.०.० हा कुठेच न पोचवणारा पत्ता देतो. घरच्या राउटरमध्ये हा आकडा घातला की त्या वाय-फायवरची सगळी यंत्रं त्याच्या आडोशाला येतात. बाबांच्या हॉटस्पॉटवर गेलं की आडोसा संपला. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सेटिंग टॅबमध्येच करता येते, मग तो कुठल्याही वाय-फायवर असला तरी चालतं.

पण डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं. यूट्यूबवरची बालगीतं आणि मारामारी, दोन्ही एकाच नावाखाली येतात. तिथे ॲपच्या आतलं कुलूप लागतं, आणि तेही अर्धंच. २०१७ मध्ये ओळखीची कार्टून पात्रं वापरून बनवलेले भीतीदायक व्हिडिओ यूट्यूब किड्समध्येही शिरले होते. छाननी करणाऱ्या यंत्राला पात्र आणि शीर्षक ओळखीचं वाटलं, आत काय चाललंय ते समजलं नाही. पुढच्या वर्षी पालकांनी निवडलेलेच चॅनल दिसतील अशी सोय आली. पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मी तीच निवडेन आणि शोधायची सोय बंद ठेवेन. वाचता न येणारं मूल माइकचं बटण दाबून मराठीत वाट्टेल ते मागतं, हे लक्षात असू द्या.

पैशांचं कुलूप सोपं आहे, तरी राहून जातं. एकदा पासवर्ड टाकल्यावर पुढची १५ मिनिटं तो पुन्हा विचारायचाच नाही, अशी ॲपलची पूर्वी पद्धत होती. मुलांनी त्या वेळात गेममधली नाणी विकत घेतली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगासोबतच्या समझोत्यात कंपनीने किमान ३.२५ कोटी डॉलर परत द्यायचं मान्य केलं. प्रत्येक खरेदीला पालकांची मंजुरी, ही सेटिंग पहिल्याच दिवशी लावा.

वेळेचं गणित इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने घालून दिलंय: २ वर्षांखाली स्क्रीन नाहीच, २ ते ५ वयात जास्तीत जास्त एक तास. गावाकडच्या आजीशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल चालतो.

हे सगळं झाल्यावर एकदा आपल्या फोनकडे पाहा. मंजुरी त्यावरूनच जाते, आणि जेवताना पोराच्या हातात बऱ्याचदा तोच फोन असतो. फोनचा पिन त्याला पाठ असेल, तर स्वतःची विनंती तो स्वतःच मंजूर करतो.