कोल्हापुरी चपलेचा अर्थ कोण ठरवतं?

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, त्याचे थर आणि शिवायला चामड्याचीच वादी. कोल्हापुरी चप्पल म्हटली तर एवढीच. पण कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, तासभर घासाघीस करून कापशी (या चपलेचा एक प्रकार) घेणारं गिऱ्हाईक काही नुसते चटके चुकवायला आलेलं नसतं.

लोक वस्तू घेतात ते तिच्या उपयोगाइतकंच ती काय सुचवते यासाठीही, असं सिडनी लेव्ही या अमेरिकी अभ्यासकानं १९५९ मध्ये मांडलं. हा अर्थ येतो कुठून, ते १९८६ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञानं सांगितलं: तो आधी समाजात असतो, जाहिरात आणि फॅशन तो वस्तूत उतरवतात, आणि भेट देणं, नटणं, निगा राखणं यांतून तो माणसाकडे येतो. चपलेला तेल लावत बसलेले आजोबा म्हणजे याचंच उदाहरण.

१९८९ मध्ये डग्लस स्टेमन आणि रोहित देशपांडे या ग्राहकांच्या वागण्याच्या अभ्यासकांनी पुढचा मुद्दा दाखवला. आपण अमुक समाजाचे ही जाणीव सतत सारखी जागी नसते. जेवायला सोबत आईवडील आहेत की धंद्यातली माणसं, यावर पदार्थांची निवड बदलते. म्हणूनच कोल्हापुरात एरवी बूट घालणारं पोरगं पुण्यात गॅदरिंगला हटकून कर्रकर्र वाजणारी चप्पल घालतं. तिथं त्याला कोल्हापूरकर असल्याचं दाखवायचं असतं. इथं कुणाला दाखवणार?

मात्र हे अभ्यास आपल्याकडे जसेच्या तसे लावले, की जात निसटते. गिऱ्हाईकाला जी चप्पल रुबाबाची, ती घडवणाऱ्या चर्मकार कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या कातड्याच्या कामापायी विटाळ सोसावा लागला. त्या घरातल्या शिकलेल्या मुलाला तीच चप्पल मिरवावीशी वाटेल की नको वाटेल, हे एका ठोकताळ्यानं सांगता येत नाही.

भाषेचंही तसंच. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी) मिळालं ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. कर्नाटकातल्या अथणीचा कन्नड बोलणारा कारागीरही ‘कोल्हापुरी’च घडवतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशीच चप्पल आधी नुसती ‘चामडी सँडल’ म्हणून आणली आणि ओरड झाल्यावर तिचं मूळ मान्य केलं. तेव्हा आपल्याकडे ‘आमची चप्पल’ म्हणून सगळेच चिडले. त्या ‘आमची’त अथणीकर किती जणांनी धरला होता, कोण जाणे.