शिवसागर जलाशयातील नौकाप्रवास

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साठलेल्या शिवसागर जलाशयात, चालणारी प्रवासी जलवाहतूक आणि पर्यटकांचा नौकाविहार. मुख्य ठाणी दोन : बामणोली (ता. जावळी) आणि तापोळा (ता. महाबळेश्वर). फुगवट्याची लांबी सुमारे ५० किमी. आहे.

निसर्गदर्शनासाठी जगभर होणाऱ्या नौकाप्रवासांचे ठोकळमानाने तीन वर्ग पडतात : समुद्राची खाडी वा फियॉर्ड (उंच कड्यांमधील अरुंद खाडी), वाहती नदी आणि धरणाचा जलाशय. नॉर्वेतील गैरांगर फियॉर्डमध्ये (जागतिक वारसा, २००५) भरती-ओहोटीचा फरक ठराविक मर्यादेत राहतो, म्हणून धक्का एकदा बांधला की तो कायमचा. केरळातील आलप्पुळच्या केट्टुवळ्ळम् नौकांनाही उतरण्याची जागा शोधावी लागत नाही. जलाशयात मात्र किनाराच वर्षभर हलत असतो, आणि शिवसागरातील प्रवासाच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात. चीनमधील यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस जलाशयाची पातळी दरवर्षी १७५ मी. वरून १४५ मी.पर्यंत उतरवतात. या बाबतीत शिवसागराची तुलना केरळशी नव्हे, तर अशा जलाशयांशीच करणे योग्य. ‘मिनी काश्मीर’ हे तापोळ्याचे लोकप्रिय बिरूद देखाव्यापुरते ठीक आहे, पण पाण्याच्या स्वभावाबद्दल ते काहीच सांगत नाही.

*जलाशय व पातळी* : कोयना महाबळेश्वराला उगम पावून दक्षिणेकडे सुमारे ६५ किमी. वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेस मिळते. कोयनानगरजवळील (ता. पाटण) १०३ मी. उंचीच्या धरणाने १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी अडवले. सोळशी आणि कांदाटी या नद्या तापोळ्याच्या परिसरात कोयनेला मिळतात. आज तो संगम पाण्याखाली असून वर तीन फाट्यांचा विस्तीर्ण जलपृष्ठ दिसतो.

साठवण क्षमता १०५·२५ टीएमसी (अब्ज घनफूट; सुमारे २,९८० दशलक्ष घमी.) असून त्यातील सुमारे ५ टीएमसी मृत, म्हणजे वापरता न येणारा, साठा आहे. धरणाचे तांत्रिक वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजतात. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७·५ टीएमसी पाणी वळवण्यास मुभा दिली. ते बोगद्यांतून वाशिष्ठीच्या खोऱ्यात जाते आणि परत येत नाही. सिंचनाचे पाणी पूर्वेला सुटते ते वेगळे. परिणामी पावसाळा संपताना काठोकाठ भरलेला जलाशय मेअखेर खोल जातो. बामणोली व तापोळा फुगवट्याच्या शेपटाकडे असल्याने पाणी ओसरलेले प्रथम तेथेच जाणवते. उताराचे गणित सोपे आहे : काठाचा उतार वीसास एक असेल, तर पातळी १ मी. उतरताच पाण्याची रेघ २० मी. मागे सरते. म्हणून येथे कायम धक्क्यापेक्षा सरकते धक्के व फळ्या सोयीच्या पडतात. उन्हाळ्यात बोटीपर्यंत पोहोचायला गाळातून बरेच चालावे लागते. वाळलेल्या दिसणाऱ्या पापुद्र्याखाली गाळ ओलाच असतो, त्यामुळे आधी गेलेल्यांच्या पावलांवरूनच चालावे.

*नावांची परिभाषा* : ‘होडी’ शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. संस्कृत कोशांत ‘होड’ हा शब्द तराफा वा नाव या अर्थी येतो, त्यावरून काहींनी तो संस्कृतोद्भव मानला. परंतु तो मुख्यतः कोशांतच आढळतो, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. कन्नड ‘ओड’, तेलुगू ‘ओड’, तमिळ ‘ओडम्’ यांचा आधार घेऊन तौलनिक कोशकार तो द्राविड भाषांतून आल्याचे मानतात. आरंभीच्या ह-काराचा उलगडा त्यातून पुरेसा होत नाही, तरीही हेच मत अधिक ग्राह्य वाटते. कृष्णाकाठचा कन्नडशी असलेला जुना शेजारही त्याला अनुकूल आहे. ‘दोणी’ (लहान नाव) आणि जनावरांना पाणी पाजायची ‘डोण’ या दोहोंचे मूळ मात्र निर्विवादपणे संस्कृत ‘द्रोणी’कडे जाते.

‘सांगड’ म्हणजे एकमेकांस बांधलेल्या दोन नावा, किंवा नदी उतरण्यासाठी बांधलेले भोपळे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक समुद्रवर्णनात (बहुधा इ. स. पहिल्या शतकाचा मध्य) कोरोमंडल किनाऱ्यावरील ओंडके जोडून केलेल्या ‘संगर’ नावांचा उल्लेख आहे. त्याचा संबंध मल्याळम ‘चंगाडम्’, तुळू ‘जंगाल’ व संस्कृत ‘संघाट’ यांच्याशी जोडला जातो. मराठी ‘सांगड’ याच कुळातील असावी. सांगली-कराड भागात पूर्वी गुळाची काहीलही (उसाचा रस आटवायची मोठी कढई) नदी उतरायला वापरत. तिचा तळ उथळ व घेर रुंद असल्याने ती सहसा कलंडत नाही. पण तिला नाळ (नावेचे पुढचे टोक) व सुकाणू नसल्याने प्रवाहात ती गरगर फिरते.

*चालन व धोके* : शिवसागरात आज यंत्रावर चालणाऱ्या बोटी, लाँच आणि वाहने नेणारा सपाट तराफा वापरात आहेत. बुडालेल्या झाडांचे बुंधे, शेतांचे बांध व जुन्या घरांची जोती हा येथला खास धोका. भरल्या जलाशयात ती खोल असतात, पातळी मध्यम असताना ती बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या उंचीला येतात. लहान यंत्रांत पंख्याच्या दांड्यात एक पिन मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. पंखा आदळला की पिन तुटते आणि दातेरी चाके वाचतात. म्हणून जादा पिन, पक्कड आणि एक तरी वल्हे बोटीत असलेच पाहिजे. यंत्र थंड करून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर शेवाळ वा गाळाने पाणी ओढायचे तोंड बुजले असे समजून यंत्र लगेच बंद करावे.

दोर बांधतानाही पातळीचे भान लागते. उतरत्या पाण्यात रात्री आखूड दोराने बांधलेली बोट सकाळी उतारावर तिरकी टेकलेली सापडते. जुलैत पाणी झपाट्याने चढते तेव्हा तोच दोर बोटीची नाळ खाली ओढतो. दुपारनंतर उपखोऱ्यांच्या तोंडाशी आडवा वारा लागतो. अशा वेळी लाटेला बाजू न देता तिरकी नाळ द्यावी व काठाकाठाने जावे. थंडीच्या सकाळी धुके विरेपर्यंत थांबणे बरे.

सर्वांत मोठी चूक भाराची. सगळे प्रवासी छायाचित्रासाठी एकाच बाजूला उभे राहिले की गुरुत्वमध्य वर आणि कडेला सरकतो, आणि क्षमतेइतकीच माणसे असूनही बोट कलंडते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात ब्रह्मनाळ (ता. पलूस, जि. सांगली) येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. जीवरक्षक जाकीट बाकाखाली ठेवून उपयोग नाही. ते अंगात घालून सगळे पट्टे आवळलेले असावे, नाहीतर पाण्यात पडताच ते डोक्यावरून निघून जाते.

*मार्ग* : सर्वाधिक गर्दीचा मार्ग बामणोली ते मेट इंदवली, तेथून पुढे वासोटा किल्ल्याची (व्याघ्रगड) चढण. एका बाजूच्या जलप्रवासास साधारण एक ते दीड तास लागतो. किल्ला कोयना अभयारण्यात (१९८५), आणि त्यामुळे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात (२०१०) येतो. म्हणून वनविभागाची परवानगी बामणोलीतच काढावी लागते, प्लास्टिकची मोजदाद होते आणि सूर्यास्तापूर्वी परतावे लागते. मुक्कामास मनाई आहे. सकाळी नऊनंतर निघालेल्यांना गडावर घाई करावी लागते. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. तापोळ्याहून त्रिवेणी संगमापर्यंतच्या फेऱ्या लहान असतात.

पर्यटन ही या जलवाहतुकीची नंतरची बाजू. धरणाने अनेक गावे उठवली आणि पलीकडच्या काठाला उरलेल्या वस्त्यांच्या बाजारवाटा पाण्याखाली गेल्या. कांदाटी खोऱ्यातील लोकांसाठी लाँच ही एसटीच्या जागी आहे. शाळा, दवाखाना, बाजार आणि लग्नाचे वऱ्हाड सगळे तिच्यावर अवलंबून. पाणी तळाला गेल्यावर तराफा टेकतो, आणि मग वाहनाला डोंगराला वळसा घालून जावे लागते.