एकीच्या तिघी

निर्वासितांच्या छावणीत एका बाईला नवरा मारतो. ती आधी दवाखान्यात जाते, मग समुपदेशकाकडे, मग वकिली मदतीसाठी तिसऱ्याच संस्थेत. एका रजिस्टरात 'हाताला दुखापत', दुसऱ्यात 'घरगुती हिंसाचार', तिसऱ्यात 'विवाहितेचा छळ'. महिनाअखेर बेरीज केली की एकीच्या तिघी होतात. तीच कहाणी तिला तीनदा सांगावी लागते, ते वेगळंच.

हा घोळ निस्तरायला २००६ साली संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी समन्वय कार्यालय, निर्वासित उच्चायुक्तालय आणि इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी ही मदतसंस्था यांनी एक सामाईक पद्धत बांधायला घेतली : जीबीव्हीआयएमएस, म्हणजे लिंगाधारित हिंसाचाराच्या माहितीची व्यवस्थापन प्रणाली. नाव बोजड, पण नोंदीचं साधन म्हणजे एक एक्सेल शीट. डोकं लढवलं आहे ते वर्गीकरणात. प्रकार सहाच : बलात्कार, लैंगिक हल्ला, शारीरिक हल्ला, सक्तीचा विवाह, साधनं-संधी नाकारणं, मानसिक छळ. बाईचं ऐकून झाल्यावर कार्यकर्ती याच क्रमाने मनाशी पडताळत जाते आणि पहिलं 'हो' येईल तिथे थांबते. बलात्कारासोबत मारहाणही झाली असली, तरी मोजणीत खाना एकच.

या सहांत 'घरगुती हिंसाचार' नाहीच! कारण त्या शब्दात काय झालं आणि कोणी केलं, दोन्ही मिसळलेलं असतं. इथे त्यांचे रकाने वेगळे. दोन्ही जोडले की घरगुती हिंसाचाराचा आकडाही निघतो. आपल्याकडे २००५च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी जो घरगुती घटना अहवाल भरतात, त्यात नातं आधीच गृहीत असतं. मग शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक अशी विभागणी. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर, पण त्यांचे आकडे शेजारी मांडून तुलना करणं चूक.

तिघींची पुन्हा एक करायला जीबीव्हीआयएमएसच्या अर्जातच प्रश्न असतो : ही घटना आधी कुठे सांगितली होती का? हीच पद्धत वापरणाऱ्या दुसऱ्या संस्थेत सांगितली असेल, तर मदत मिळतेच, फक्त एकूण आकड्यात भर पडत नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो. संस्थांमध्ये फिरतात ते एकत्रित आकडे. तिची माहिती पुढे जाते ती तिच्या संमतीनेच.

नाव काढलं की ओळख पुसली, असं मात्र नाही. माहितीच्या गोपनीयतेच्या अभ्यासक लटान्या स्वीनी यांनी २००० साली हिशेब मांडला, की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्यावरून सुमारे ८७ टक्के अमेरिकन नागरिक एकेकटे वेगळे काढता येतील. छावणीतली एखादी वस्ती तर पिनकोडच्या भागाहूनही लहान असू शकते. 'अमुक वस्ती, वय १४, नोंद १' एवढं वाचून शेजाऱ्यांना नाव लागतंय कशाला? म्हणून कोणाला किती तपशील दाखवायचा, हे संस्था लेखी करारात ठरवतात. मला विचाराल तर हा करार आधी, नोंदीसाठीचा टॅबलेट संगणक नंतर.

आता हे काम प्रिमेरो या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवरही चालतं, इंटरनेट नसतानाही. पण त्यात दिसतात त्या फक्त मदतीला पोहोचलेल्या बायका. नवं केंद्र उघडलं, भरवशाची कार्यकर्ती आली, की आलेख चढतो. हिंसा वाढलेली असेलच असं नाही. आणि पावसात केंद्राकडे जाणारा रस्ता वाहून गेला, की तोच आलेख उतरतो.