पीआरसी जागेवर सस्पेंड करते?

पंचायत राज समिती, म्हणजे पीआरसी, येणार म्हटलं की कोल्हापूर जिल्हा परिषदेत जुनी कपाटं उघडतात, शाळांना रंग लागतो. सोबत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय : ही सरकारची समिती, आणि ती उभ्या उभ्या निलंबित करते.

दोन्ही चूक. पीआरसी विधिमंडळाची आहे. सदस्य दोन्ही सभागृहांतले आमदार, विरोधी पक्षाचेही. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या लेखापरीक्षणात निघालेले आक्षेप हा तिचा मुख्य विषय. समजा करवीर किंवा शाहूवाडीत एखाद्या कामाचं बिल निघालं, पण मोजमाप पुस्तिकाच सापडत नाही. मग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते. उत्तर पटलं नाही तर खात्याच्या सचिवांना विधान भवनात बोलावलं जातं. त्यानंतर अहवाल सभागृहात मांडतात. निलंबनाची शिफारस समिती करू शकते. आदेश मात्र प्रशासनाच्याच सहीनं निघतो. दौऱ्यात आमदारांनी झापलं की त्याचीच बातमी ‘कारवाई’ म्हणून छापून येते, हा आमच्याकडचा जुना आजार.

आणि हो, कोल्हापूर महापालिका या समितीच्या कक्षेत येत नाही. तिथले खड्डे पीआरसीला दाखवून उपयोग नाही.