गावच्या हवेवर चालणारं पिस्तूल

वापरलेलं एअर पिस्तूल घ्यायला आलेला माणूस आधी दस्ता हातात बसतो का ते बघतो, मग नळीवरचं पॉलिश बघतो आणि मग किमतीवर येतो. माझ्या मते या सगळ्याच्या आधी तपासायची ती हवा. निदान परवा कोथरूडमधल्या एका छोट्या दहा मीटरच्या रेंजवर जे पिस्तूल मी चालवून पाहिलं, त्याच्या बाबतीत तरी नक्कीच. रशियातल्या इझेव्स्कमध्ये बनलेलं इझ-४६. मालक आता सिलिंडरवालं, म्हणजे हवेची टाकी असलेलं पिस्तूल वापरतो, म्हणून हे विकायला काढलेलं.

आज स्पर्धेत दिसणाऱ्या बहुतेक एअर पिस्तुलांना नळीखाली हवेची छोटी टाकी असते. साधारण २०० बार दाबाने ती भरून आणायची आणि मग नुसते छर्रे घालत नेम धरायचा. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरला कांस्यपदक मिळालं ते याच १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात. इझ-४६ला टाकी नाही आणि दाबून ठेवायची स्प्रिंगही नाही. नळीखाली एक लांब लिव्हर आहे. ती खाली खेचून पुढे नेली की आतला दट्ट्या सरकतो आणि त्याच्या नळकांड्यात भोवतालची हवा ओढली जाते. त्याच हालचालीत ब्रीच, म्हणजे छर्रा घालायचं नळीचं मागचं तोंड, उघडते आणि ट्रिगरही कॉक होतो, म्हणजे सुटायला सज्ज. लिव्हर परत मिटवताना ती हवा दाबली जाते. एका गोळीला एकच दम, म्हणून याला सिंगल स्ट्रोक म्हणतात.

ही लिव्हर मिटवताना हाताला जे जाणवतं ते मजेदार आहे. पहिला अर्धा प्रवास जवळजवळ फुकट होतो. शेवटच्या वीतभर अंतरात मात्र दंडाला ताण येतो. याचं कारण १६६२ मध्ये रॉबर्ट बॉइलने मांडलेल्या नियमात आहे. हवेची जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो. म्हणजे दट्ट्या अर्ध्यावर येईपर्यंत दाब वातावरणाच्या फक्त दुपटीवर पोचलेला असतो. पुढे उरलेल्या जागेचं पुन्हा निम्मं केलं की चौपट, मग आठपट. खरी मेहनत सगळी शेवटाला साठलेली. म्हणूनच लिव्हरच्या सांध्यांची रचना अशी असते, की लिव्हर मिटत आली की तिचा प्रवास मोठा आणि दट्ट्याचा अगदी थोडा. इथेच एक धोका आहे. लिव्हर पुरती मिटायच्या आत हात सोडला, तर दाबलेली हवा ती जोराने परत उघडते. बोटं मध्ये असली तर चांगलीच चेचतात. नव्या माणसाला पिस्तूल देताना हे आधी सांगावं आणि त्याची पहिली लिव्हर आपल्या देखरेखीखाली मिटवून घ्यावी.

सायकलचा पंप मारताना त्याचं बूड तापतं, तशीच इथेही दाबलेली हवा तापते. पण नळकांड्याचा धातू ती उष्णता लगेच शोषून घेतो. छर्रा बसवून, हात उचलून नेम धरेपर्यंत हवा थंड झालेली असते, आणि त्या थंडाव्याबरोबर दाबही थोडा उतरलेला असतो. जुनं पिस्तूल तपासायची किल्ली मला इथे दिसते. उष्णतेमुळे होणारी ही घट पहिल्या काही सेकंदांत संपते. त्यानंतरही दाब उतरत राहिला, तर हवा दट्ट्याभोवतीच्या वॉशरमधून किंवा झडपेतून निसटते आहे असं समजावं. म्हणून लिव्हर मिटल्यावर दहा सेकंदांनी मारलेला छर्रा आणि पाच मिनिटं थांबून मारलेला छर्रा सारख्याच वेगाने गेले पाहिजेत. थांबताना नळी अर्थातच टार्गेटकडे आणि बोट ट्रिगरच्या बाहेर.

वेग मोजायचं यंत्र प्रत्येकाकडे नसतं, पण मोबाइल असतो. मोबाइल नेमबाजाशेजारी ठेवून आवाज रेकॉर्ड करायचा. लहरींचं चित्र दाखवणारं कुठलंही ॲप चालतं. चित्रात दोन टोकं दिसतात. एक पिस्तुलाच्या ‘फट्’चं, दुसरं टार्गेटमागच्या लोखंडी पेटीवर छर्रा आदळल्याच्या ‘टण्ण’चं. आम्हाला दोन्हींमधलं अंतर सुमारे ११० मिलिसेकंद मिळालं. यातून दुसरा आवाज दहा मीटर परत यायला लागणारा वेळ वजा करायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे २९ मिलिसेकंद. उरले ८१. तेवढ्यात छर्ऱ्याने दहा मीटर कापले, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १२३ मीटरच्या आसपास. नळीच्या तोंडाशी तो याहून थोडा जास्तच असणार, कारण चपट्या तोंडाचा छर्रा हवेत वेग पटकन गमावतो. पाच मिनिटं थांबून मारलेल्या छर्ऱ्यांचा आकडाही तोच आला. वॉशर शाबूत.

आता समजा दाब शेकडा दहाने उतरला असता, तर? छर्ऱ्याची ऊर्जा साधारण तितकीच घटते आणि वेग त्याच्या निम्म्याने, म्हणजे पाच टक्के. मग ८१च्या जागी ८५ मिलिसेकंद लागतात. ८१ मिलिसेकंदांत छर्रा गुरुत्वाकर्षणाने ३२ मिलिमीटर खाली येतो, ८५ मध्ये ३५. हे तीन मिलिमीटर किती महत्त्वाचे? दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं आणि दशांश गुणांच्या मोजणीत ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. म्हणजे जवळजवळ ०.४ गुण, तोही प्रत्येक गोळीला. शिवाय गळती रोज सारखी नसते, त्यामुळे साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवून ती भरून काढता येत नाही.

पुणेकराने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. मुंबईला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तर इथे सुमारे ९५०. सिलिंडरवालं पिस्तूल या फरकाकडे ढुंकूनही बघत नाही, कारण त्याची हवा टाकीत बंद आहे. सिंगल स्ट्रोक मात्र दर वेळी गावचीच हवा ओढतं. मुंबईच्या मानाने शेकडा सहा कमी दाबाची हवा आत आली, की वेगही तीनेक टक्क्यांनी कमी येणार. सेकंदाला चारेक मीटर. तेव्हा माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा पुण्यात वेग थोडा कमी भरला, तर पिस्तूल झिजलंय म्हणून किंमत पाडून मागणं विकणाऱ्यावर अन्याय आहे. आकडा कमी आला की नाही यापेक्षा तो टिकतो की नाही, हे बघावं.

स्प्रिंगवाल्या पिस्तुलांचं गणित वेगळं असतं. तिथे ट्रिगर दाबल्यावर जड दट्ट्या सुटतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्तूल एकदा मागे आणि एकदा पुढे हिसका खातं. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊने त्यांच्या ६५ या मॉडेलमध्ये यावर फार देखणा उपाय काढला होता. नळी आणि दट्ट्याचं नळकांडं मिळून वरचा अख्खा भाग रुळांवर बसवला. हिसका बसला की तो भाग मागे सरकतो आणि दस्ता हातात जवळपास स्थिर राहतो. त्यात एक कळही होती, ती फिरवली की सरकणं बंद आणि पूर्ण हिसका हातात. सरावासाठी. सिंगल स्ट्रोकमध्ये आत हलणारं असं जड काही नसल्याने रुळांची गरजच पडत नाही. अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १३० मीटरने निघाला, तरी किलोभर वजनाच्या पिस्तुलाला सेकंदाला फक्त साडेसहा सेंटिमीटरचा धक्का मिळतो. मला तरी तो मनगटाला जाणवला नाही.

ट्रिगरची परीक्षा सोपी आहे. नियमाप्रमाणे या प्रकारात ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. पिस्तूल कॉक करून नळी सरळ वर धरायची, ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं आणि ते टेबलावरून अलगद उचलायचं. ट्रिगर सुटला नाही तर पास. या पिस्तुलाने ते आरामात उचललं.

मग इतकी चांगली वस्तू लोक विकतात का? दंडामुळे. स्पर्धेत ६० गोळ्या ७५ मिनिटांत मारायच्या असतात, त्याशिवाय आधीच्या सरावाच्या वेगळ्या. प्रत्येक गोळीला लिव्हर ओढून मिटवली की खांदा भरून येतो आणि शेवटच्या वीस गोळ्यांत हात थरथरायला लागतो. सिलिंडरने ही मेहनत काढून टाकली, म्हणून स्पर्धेत त्यांचंच राज्य आहे. स्पर्धेच्याच तयारीला लागलेल्या मुलीच्या किंवा मुलाच्या आईवडिलांनी हे जरूर लक्षात घ्यावं. पण शिकणाऱ्याने वापरलेलं सिलिंडरवालं पिस्तूल घेताना टाकीवर कोरलेली तारीख वाचावी. स्पर्धेच्या नियमांनुसार टाकी दहा वर्षांपर्यंतच चालते आणि नवी टाकी स्वस्त नसते. इझ-४६ला अशी तारीखच नाही. वॉशर बदललं की ते पुन्हा चालू.